रांगणारं बाळ, हॉलमधला झोपाळा आणि सासरेबुवा

इंदिरानगरची_मी

लेक आठ महिन्यांची झाली. परवापर्यंत बसवलं तिथे बसून खुळखुळा चाटायची. गुरुवारी कणीक मळून, हात धुऊन बाहेर येते तो बाई टीव्हीखालच्या प्लगपाशी, तर्जनी पुढे करून. काल दिवाणाला धरून उभी राहिली.

आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, सासू-सासऱ्यांसह पाच माणसं. सगळा वावर हॉलमध्ये. तिथे टीव्ही युनिट, दिवाण, कोपऱ्यात इन्व्हर्टरची बॅटरी, चौरंगावर देव्हारा, काचेचा टीपॉय आणि मधोमध झोपाळा.

खरा प्रश्न झोपाळ्याचा आहे. पंचवटीतला वाडा पाडला तेव्हा सासऱ्यांनी तो तिथून आणला. फळी सागवानी, कड्या पितळी, तांबट लेनमध्ये घडवलेल्या. हे सगळं आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागतं. फळी जमिनीपासून सव्वा फुटावर आहे, टेप लावून मोजली. लेक रांगता रांगता मान वर करते ती बरोब्बर त्या उंचीला. सासरे सकाळी पेपर घेऊन त्यावर बसतात, संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन. तिलाही भारी आवडतो. काढा म्हणायची माझी छाती नाही, नवऱ्याची तर त्याहून नाही.

ऑनलाइन एक सेफ्टी किट मागवलं होतं. त्यातले रबरी कोपरे फर्निचरला चिकटवले. दुसऱ्या दिवशी एक कोपरा तिच्या तोंडात मिळाला.

दिवाळीला पंधरा दिवस आहेत, घर पाहुण्यांनी भरणार आहे. काय करू? कुठून सुरुवात करू?

टवाळ

सोप्पंय. झोपाळा राहू द्या, सासऱ्यांना माळ्यावर ठेवा. (हलके घ्या.)

गोदाकाठची

सगळ्यात आधी स्वतः रांगा. खरंच सांगतेय. नवऱ्यालाही रांगायला लावा, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्ही रांगलो तेव्हा सोफ्याच्या बुडाला बाहेर आलेले स्टेपलरचे काटे दिसले, जे पाच वर्षांत उभ्याने दिसले नव्हते. टीव्ही युनिटमागून खाली लोंबणाऱ्या वायरींचा झुबका बघून तर मलाच ओढावासा वाटला.

त्या रबरी कोपऱ्यांच्या डबल टेपचा भरवसा नाही, पोरं उपटतातच. मी जुनी गोधडी घडी घालून टीपॉयभोवती गुंडाळली आणि टोकं आतून शिवून टाकली. सहा महिने आमचा टीपॉय आजारी दिसत होता.

जुनी_जाणती

रागावू नका, पण हे जरा जास्तच होतंय. आम्ही वाड्यात तीन पोरं वाढवली. प्रत्येक खोलीला उंबरठा, अंधारे जिने, चौकात विहीर, खाली चूल. किट-बीट कुणाच्या गावी नव्हतं. पोर पडायचं, रडायचं, गूळ दिला की गप्प व्हायचं. उंबरठ्याला अडखळूनच ते पाय उचलायला शिकतं. सगळं गुळगुळीत करून ठेवलंत तर पुढे शाळेच्या पायऱ्या कसं चढणार?

फेज_न्यूट्रल

अंबडच्या एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये २२ वर्षं काढली, म्हणून फक्त विजेबद्दल बोलतो.

प्लगच्या भोकांत बसवायच्या प्लास्टिकच्या टोप्यांवर विसंबू नका. वर्षाचं पोर त्या काढायला शिकतं, मग टोपी तोंडात आणि भोक उघडं. खाली जेवढे प्लग आहेत तेवढे शटरवाले बसवून घ्या. वरच्या मोठ्या भोकात अर्थची पिन शिरल्याशिवाय त्यांची खालची दोन भोकं उघडत नाहीत.

मग मीटरजवळच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का बघा. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं. खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर तो तिथे नुसता शोभेला आहे.

आता लोक चुकतात ते ऐका. आरसीसीबी म्हणजे कर्णाची कवचकुंडलं नव्हेत. करंट वाट सोडून जमिनीत गळायला लागला तरच तो पडतो. पोराने दोन हातांत दोन खिळे घेऊन दोन्ही भोकांत घातले आणि जमिनीकडे काही गळलं नाही, तर आरसीसीबीच्या लेखी ते पोर म्हणजे एक बल्ब. तो पडणार नाही. म्हणून दोन्ही लागतं, शटरही आणि आरसीसीबीही.

इन्व्हर्टरच्या बॅटरीला प्लायचा खोका करून घ्या. आत अ‍ॅसिड असतं आणि पाणी भरायची बुचं हाताने निघतात. पण खोका हवाबंद करू नका, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. दोन बाजूंना जाळी ठेवा. आणि उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर हॉलमध्ये आणणार असाल तर अर्थिंग तपासल्याशिवाय आणू नका.

इंदिरानगरची_मी

फेज_न्यूट्रल, धन्यवाद. आत्ता जाऊन बटण दाबलं. पडला नाही. इलेक्ट्रिशियनला फोन केलाय.

टवाळ

आख्ख्या आंतरजालावर कुणाचा तरी सल्ला कुणीतरी ऐकल्याची ही पहिलीच नोंद.

वॉर्डसिस्टर

जुनी_जाणती, उंबरठ्याबद्दल तुमच्याशी भांडत नाही. गुडघे फुटू द्यावेत. टेंगळाचं मला काही वाटत नाही. पण काही गोष्टींत दुसरी संधी मिळत नाही, तेवढ्या वेगळ्या काढा.

पहिला मान बटण सेलचा. दिवाळी तोंडावर आहे म्हणून मुद्दाम सांगते. त्या इलेक्ट्रिक पणत्या येतात ना, लुकलुकणाऱ्या? उलट्या करून बघा. बऱ्याचशा पणत्यांत तळाला चपटा सेल असतो आणि झाकण नखाने निघतं. छोटे रिमोट, स्वयंपाकघरातला वजनकाटा, गाणारी शुभेच्छापत्रं, सगळीकडे तोच. हा सेल अन्ननलिकेत अडकला की लाळेमुळे करंट सुरू होतो, तिथे क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतून खोल भाजतं. त्याला संपलेला सेलही पुरतो. बाळ सुरुवातीला नुसतं लाळ गाळतं, खात नाही, किरकिर करतं. घरचे म्हणतात दात येताहेत. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट बघू नका, गाडी काढा आणि एक्स-रे असलेलं मोठं हॉस्पिटल गाठा. झाकणाला स्क्रू असेल तेवढ्याच पणत्या घरात ठेवा.

दुसरं, देव्हारा. कापराची वडी बाळाला खडीसाखर वाटते. थोडासा कापूर पोटात गेला तरी झटके येऊ शकतात. चौरंग सोडा, देव वर भिंतीवर न्या. रागावणार नाहीत ते.

तिसरं, आजोबांच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या. त्या उशाशी, पेपरखाली, चष्म्याच्या घरात कुठेही असतात. एखादी खाली पडली आणि सापडली नाही तर ‘असेल कुठेतरी’ म्हणून सोडू नका. सापडेपर्यंत शोधा.

आणि गरम चहा. बाळ मांडीवर आणि हातात चहा, ही जोडी फोडा. टीपॉयवर टेबलक्लॉथ असेल तर आजच काढा, ते ओढलं की कप डोक्यावर. भाजलंच तर नळाच्या गार पाण्याखाली २० मिनिटं. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ काही नको.

पंचवटीकर

अवांतर: तांबट लेनचा उल्लेख वाचून जीव सुखावला. लहानपणी आजोळी जाताना त्या बोळातून हातोड्यांची ठकठक ऐकू यायची, आख्खा बोळ एका तालात वाजायचा. झोपाळ्याची कडी ओतीव आहे की घडीव? घडीव असेल तर सांध्यापाशी ठोक्यांचे बारीक चट्टे दिसतील. फोटो टाका ना.

इंदिरानगरची_मी

पंचवटीकर, हा प्रश्न सासऱ्यांना वाचून दाखवला. वीस मिनिटं उत्तर चाललं होतं. घडीव आहे.

परदेशी_पाखरू

वॉकर आणायचा विचार असेल तर थांबा. इकडे कॅनडात २००४ पासून बेबी वॉकर विकायलाच बंदी आहे. चाकावर बसलेलं बाळ बघता बघता खोली ओलांडतं, आपण हाक मारेपर्यंत जिन्यावर. शिवाय उंची वाढल्याने टेबलावरच्या गरम भांड्याला हात पोचतो, तो वेगळाच.

जुनी_जाणती

म्हणजे पांगुळगाडा बरा की नाही?

परदेशी_पाखरू

बराच की आजी. त्यात बाळ बसत नाही, उभं राहून ढकलतं. स्वतःच्या पायांवर जेवढं जमतं तेवढंच जातं. गाडा मात्र जरा जड बघून घ्यायचा, हलका असला की पुढे पळतो आणि पोर नाकावर.

निफाडची_सोनाका

मी वेगळंच सांगणार आहे. माझ्या माहेरी द्राक्षबाग आहे. गेल्या फेब्रुवारीत तोडणी चालू होती, घरात क्रेट आलेले. माझा भाचा तेव्हा दहा महिन्यांचा. हॉलमध्ये आम्ही सगळ्या बोलत बसलेलो, तो सतरंजीवर. अचानक एकदम शांत झाला. खोकला नाही, रडणं नाही, काहीच नाही. तोंड उघडं आणि ओठ निळसर. शांत आहे म्हणून आधी कुणाचं लक्षही गेलं नाही, हे मी विसरूच शकत नाही. माझ्या वहिनीने त्याला हातावर पालथा घेतला, डोकं खाली केलं आणि खांद्यांच्या मधे पाठीवर थपडा मारल्या. चौथ्या थपडेला द्राक्ष टुपकन फरशीवर पडलं. अख्खं. साल सुद्धा फाटली नव्हती. वहिनीने हे अंगणवाडीच्या ट्रेनिंगमध्ये शिकलेलं.

आमच्याकडे आता द्राक्ष उभं चिरून चार फाका केल्याशिवाय लहान मुलाच्या हातात जात नाही. द्राक्षवाल्यांचं घर असून.

वॉर्डसिस्टर

सोनाका, वहिनींना माझा नमस्कार सांगा. वर्षाच्या आतल्या बाळाला हेच करायचं: पाठीवर ५ थपडा, मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब, पुन्हा थपडा, वस्तू निघेपर्यंत आळीपाळीने. दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा. बाळाची शुद्ध हरपली तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. घशात अंदाजाने बोट घालून चाचपडायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. हो, आणि बाळ स्वतः जोरात खोकत असेल तर खोकू द्या, मधे पडू नका.

सिडकोकर

द्राक्षांचं बरोबर, पण दिवाळीत खरा घोटाळा चिवड्याचा. पाहुणे बशीतून खातात, शेंगदाणे घरंगळतात आणि दिवाणाखाली जाऊन बसतात. पाहुणे गेल्यावर आधी झाडू, मग बाळ खाली.

आता आमची गोष्ट. पोरगा सव्वा वर्षाचा, आम्ही चौथ्या मजल्यावर. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. साहेबांनी आतून सरकतं दार ढकललं आणि खिटी खाली पाडली. खटक. काचेच्या आत पोरगा, बाहेर बायको, गॅसवर दूध, फोन आत. पोरगा हसतोय आणि काचेला जीभ लावतोय. तिने वरून हाका मारल्या, खालच्या इस्त्रीवाल्या भाऊंनी ऐकल्या. शेजारच्या काकूंकडे आमची किल्ली असते, त्या धावत आल्या आणि दार उघडलं. दूध सगळं ओट्यावर. तेव्हापासून दाराच्या रुळात चप्पल अडकवल्याशिवाय आमच्याकडे कुणी गॅलरीत पाऊल टाकत नाही. बाथरूमच्या आतल्या खालच्या कड्याही काढून वर लावल्या.

तेव्हा जादा किल्ली शेजारी ठेवा. हे कुठल्याच किटमध्ये येत नाही.

रंधा

उशिरा आलो, साइटवर होतो. फर्निचरचं काम करतो. टीव्ही युनिट, पुस्तकांचं कपाट, चपलांचं स्टँड, जे जे उंच आणि अरुंद ते भिंतीला एल-अँगलने बांधा. पोरगं खण उघडून पायरीसारखं चढतं आणि सगळं अंगावर घेतं. अँगल ४०-५० रुपयांचा, ड्रिलवाल्याचं अर्ध्या तासाचं काम. भिंत विटेची की ब्लॉकची ते बघून स्क्रूचा प्लग घ्या, ब्लॉकमध्ये साधा प्लग फिरतो.

खिडकीखालचा दिवाण हलवा. गॅलरीच्या कठड्यालगतच्या कुंड्याही हलवा, त्या पायऱ्याच आहेत. कठड्याच्या दोन गजांत चार इंचांहून जास्त फट असेल तर जाळी मारा.

झोपाळ्याबद्दल: वरचा हूक स्लॅबमध्ये कसा बसवलाय? वाड्यात तुळईला असायचा, फ्लॅटमध्ये कुणी कसाही ठोकतो. तो आधी बघून घ्या, आजोबा आणि नात दोघं एकदम बसतात म्हणताय. आणि कड्यांच्या सांध्यात बोट चिमटतं, त्याला काही उपाय नाही.

पण ताई, एक विचारू? एवढे प्रतिसाद झाले, झोपाळ्यावर पीएचडी झाली, काचेच्या टीपॉयबद्दल तुम्ही अवाक्षर काढत नाही. काच नुसती रबराच्या गुंड्यांवर ठेवलेली असेल. पोरगी धरून उभी राहिली की काच उचलली जाते.

इंदिरानगरची_मी

रंधा, टीपॉयची काच टफन्ड आहे. जाड आहे चांगली.

रंधा

कोपऱ्यात बारीक शिक्का दिसतो का? टफन्ड काचेवर बहुतेक वेळा असतो. आणि टफन्ड असली तरी फुटताना बारीक होते एवढंच, कपाळावर पडताना तेवढीच जड.

टवाळ

मला वास येतोय. वहिनी, टीपॉय कुठून आला?

इंदिरानगरची_मी

माहेरून.

टवाळ

🙏

गोदाकाठची

हाहाहा. धागा आता खरा रंगला.

पेन्शनर

मी सासरेबुवांच्या पार्टीचा आहे. या वयात घरातली एकच जागा आपली असते. माझी खिडकीतली आरामखुर्ची नातवासाठी हलवली तेव्हा मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. मुलाने आदेश काढला होता, विचारलं नव्हतं, म्हणून. विचारलं असतं तर मीच उचलून दिली असती. तेवढं बघा.

जुनी_जाणती

काल रात्री झोप लागेना, हा धागा डोक्यात घोळत होता. काहीतरी आठवत होतं ते पहाटे सापडलं.

आमच्या वाड्यातला झोपाळा दिवसभर लोंबत नसायचाच. पुरुष माणसं जेवून बाहेर पडली की सासूबाई फळी सोडवायच्या. फळीच्या चार कोपऱ्यांना आकडे होते, दोघींनी धरलं की निघायची. फळी भिंतीला टेकवून आडवी ठेवायच्या. कड्या वर उचलून तुळईच्या खुंटीला अडकवायच्या. दिवेलागणीला पुन्हा लावायच्या. मी नवी नवरी, मला वाटायचं केर काढायला सोपं जावं म्हणून.

नंतर कळलं. माझ्या धाकट्या दिरांच्या भुवईवर खूण आहे, अजून केस येत नाहीत तिथे. झोपाळ्याचीच. त्या दिवसापासून सासूबाईंनी हा रिवाज पाडला. माझी तिन्ही पोरं सुखरूप वाढली ती आपोआप नाही वाढली म्हणायची. कुणीतरी रोज फळी काढत होतं. वर मी जे लिहिलं ते अर्धंच होतं.

वॉर्डसिस्टर

आजी 🙏

पंचवटीकर

अगदी! आजोळीही असंच होतं. कड्या वर अडकवलेल्या बघितल्या की आम्हाला कळायचं, दुपार झाली, आता ओरडा बसणार.

इंदिरानगरची_मी

नऊ दिवसांनी येतेय, सगळ्यांची उत्तरं द्यायची राहिली.

आरसीसीबी बदलला. शटरचे चार प्लग बसवले. देव भिंतीवर गेले, सासूबाईंनी स्वतः ब्राह्मणांना विचारून घेतलं. इलेक्ट्रिक पणत्या सहा होत्या, पाचांचं झाकण नखाने निघालं. पाचही गेल्या. टीव्ही युनिटला रंधा यांनी सांगितलं तसे अँगल, बॅटरीच्या खोक्याला फेज_न्यूट्रल यांनी सांगितली तशी जाळी.

जुनी_जाणती यांचा प्रतिसाद सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. दुसरं काही बोलले नाही. पेन्शनर काकांचं ऐकून ‘काढायचा का’ एवढंही म्हटलं नाही. ते थोडा वेळ कडी हातात धरून बसले. मग म्हणाले, “आईपण काढायची फळी. मी विसरलोच होतो.” उठले, नवऱ्याला हाक मारली, दोघांनी फळी सोडवली. स्लॅबला तुळई नाही, म्हणून कड्या अडकवायला रॉडची सोय केली. आता फळी लेक झोपली की लागते, उठायच्या आत निघते. हूकही बघून घेतला, एका बाजूचा नट ढिला निघाला.

दिवसभर सासरे आता खाली सतरंजीवर बसतात, पेपर घेऊन, तिच्या शेजारी. त्या उंचीवरून त्यांना जे दिसायला लागलंय ते विचारू नका. पहिल्या दिवशी दिवाणाखालून एक शेंगदाणा, एक सेफ्टी पिन आणि त्यांचीच बीपीची गोळी काढली. गोळी गुपचूप खिशात टाकत होते, मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी टीपॉयखाली डोकं घातलं. बराच वेळ आतच होते. मग काच दोन बोटांनी उचलून दाखवली. एका बोटानेही उचलली गेली. शिक्का-बिक्का काही नव्हता.

रंधा

मग?

इंदिरानगरची_मी

मग काय. रविवारी बाबा टेम्पो घेऊन येताहेत माहेरून. आई विचारत होती, काच गुंडाळायला जुनी गोधडी आहे का तुमच्याकडे.

गोदाकाठची

माझ्याकडे आहे. शिवलेली.